बिनवासाचा निळा

घराला रंग कसा द्यायचा हे मला कुणी शिकवू नये. मानखुर्दच्या आमच्या इमारतीत रंगारी बोलावणारी माणसं आहेत, आणि मी आहे. ब्रश हातात घेतला की छतापासून सुरुवात करायची आणि उंबऱ्यापाशी थांबायचं, हा माझा नियम. पालिकेच्या बागेत माळी होतो तेव्हा झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना मीच लावायचो. एकाही झाडाने कधी तक्रार केली नाही! तेव्हा, धोंडिराम एक भिंत रंगवायला गेला आणि अख्ख्या मजल्याची नाकं रंगवून बसला, असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर आधी माझी बाजू ऐका.

त्याचं असं झालं. आमची सुंदराबाई थंडीपासून मुलुंडला लेकीकडे होती. तिला दम्याचा त्रास. देवनारच्या डंपिंगकडून वारा सुटला की तिच्या छातीत मांजराची पिल्लं ओरडायला लागायची. डॉक्टर म्हणाले, धूळ नको, धूर नको, उग्र वास नको. आणि आमच्या घरात तिन्ही पाहुणे कायमचे मुक्कामाला! भिंतींना ओल येऊन पोपडे सुटलेले, ती धूळ. वास डंपिंगवाल्यांचा. आणि धूर, म्हणजे, तो माझा.

बिडी मी सोडली होती, हे इथेच सांगून टाकतो. सुंदराबाई मुलुंडच्या रिक्षात बसली त्याच दिवशी सोडली. आता सोडलेली वस्तू अधूनमधून ख्यालीखुशाली विचारायला आली, तर तिला दारातून हाकलायचं का? माणुसकी म्हणून मी मोरीजवळच्या खिडकीत जायचो, पडदा बाजूला करायचो आणि धूर बाहेरच सोडायचो. यापुढे मी ‘खिडकीत गेलो’ असं लिहिलं तर समजून घ्या. पुन्हा पुन्हा सांगायला मलाही बरं वाटत नाही.

एकट्याचं घर फार मोठ्याने बोलतं. पंखा बोलतो, नळ बोलतो, शेजारच्यांचा कुकर तर भाषणच करतो. सकाळी मी सवयीने दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. दुसरा कधी गोड लागला नाही. शेवटी मी फोन करून तिला विचारलं, कधी येतेस?

ती म्हणाली, “भिंती नीट करा, मग येते. पण रंगाचा वास आला तर दारातनंच रिक्षा माघारी फिरवीन, सांगून ठेवते.”

“नाही येणार वास.”

“आणि बिडी?”

“कसली बिडी?” मी म्हणालो. हे उत्तर मला इतकं आवडलं की फोन ठेवून मी खिडकीत गेलो.

आता अडचण बघा. आमच्याकडे भिंतीला आजवर ऑइलपेंट लागायचा. त्याचा वास असा दणकट, की महिनाभर पाहुणे डोळे पुसत जायचे आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं आमच्याकडे काहीतरी दुःखद घडलंय. त्या वासात बाकीचे सगळे वास बुडून जायचे. बिडीचं अख्खं बंडल ओढा, कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही. मोठा उपकारी रंग होता तो. पण सुंदराबाईला तो सोसणार नव्हता. म्हणून मी बिनवासाचा रंग शोधायला हिरजीभाईंच्या दुकानात गेलो.

पूर्वी हिरजीभाई दोनच प्रश्न विचारायचे. आतून की बाहेरून? पांढरा की रंगीत? या वेळी त्यांनी माझ्यापुढे डब्यांची रांग मांडली.

“धोंडिरामभाऊ, आता सगळा माल निसर्गाचा,” ते म्हणाले. “लोकांना पाहिजे ना!”

एक चुन्याचा होता. एक मातीचा. एक जवसाच्या तेलाचा. एक दुधापासून केलेला. मी विचारलं, नासला तर? हिरजीभाई म्हणाले, हा नासत नाही. मी म्हणालो, मग ते दूध कुठल्या डेअरीचं, तेवढा पत्ता द्या. एका डब्यावर पान, एकावर थेंब, एकावर चिमणी. अक्षरं मला केस पिकल्यावर भेटली, त्यामुळे मी काहीही सोडत नाही, डब्याच्या बुडावरचं सुद्धा वाचतो. प्रत्येकावर लिहिलेलं, वास नाही, विष नाही, श्वासाला त्रास नाही. मला वाटलं मी रंगाच्या दुकानात नाही, पथ्याच्या दवाखान्यात आलोय.

एकेक डबा गळत गेला. चुना जुन्या ऑइलपेंटवर टिकत नाही, हे मी स्वतःच हिरजीभाईंना सुनावलं. मातीचा रंग मातीच्याच रंगात येतो, आणि आमची भिंत निळीच असते. तो विषय आमच्या घरात कधी मताला टाकलेला नाही. दुधाचा मागवावा लागणार होता. तेलाचा सुकायला फार वेळ घेतो म्हणे. उरला एकच. निळा, लगेच मिळणारा, दुपारपर्यंत सुकणारा, आणि वास अजिबात नाही.

त्या डब्यावर गाय होती.

“ही इथे कशाला?” मी विचारलं.

हिरजीभाई अभिमानाने म्हणाले, “शेणापासून केलाय. एकदम शुद्ध. वास घेऊन बघा.”

मी वास घेतला. खरोखर काहीच नाही. पण मी डबा झटकन खाली ठेवला.

का, ते सांगतो. सुंदराबाईचं माहेर जालन्याकडचं. लहानपणी ती पहाटे दुसऱ्यांच्या गोठ्यांत शेण काढायला जायची. गोठा त्यांचा, गाय त्यांची, दूध त्यांचं, आणि शेण मात्र हिच्या वाट्याला. घरी येऊन जमीन सारवायची, भिंती लिंपायच्या. थंडीत बोटांना चिरा पडायच्या आणि त्या चिरांत शेण शिरायचं. लग्न होऊन मुंबईला आली, पहिल्यांदा फरशीची खोली पाहिली, आणि त्या फरशीवर हात ठेवून म्हणाली, आता या घरात शेणाचा ठिपका येणार नाही. त्यानंतर कुणाच्या घरी गोवऱ्यांचा विषय निघाला तरी ती उठून पाणी प्यायला जाते. आणि अशा बाईच्या चारही भिंतींना मी शेण लावणार!

पण दुसरा डबा नव्हता, आणि ते दोन कप चहा मला प्यायचे नव्हते. मी ठरवलं, तिला सांगायचंच नाही. रंग निळा, वास नाही, मग शेण आहे हे तिला कोण सांगणार? भिंत? डबा मी दुकानातच जुन्या लुंगीत गुंडाळला आणि तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून घरी आणला. मग तिला फोन केला.

“कसला आणला?” तिने विचारलं.

“बिनवासाचा.”

“कशाचा असतोय तो?”

“कंपनीचा,” मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

भिंती मी आधीच घासून, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून तयार ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. बाबासाहेबांची आणि बुद्धांची अशा दोन्ही तसबिरी काढून गादीवर जपून ठेवल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि पहिला हात मारला. रंगाचा मारतात तो हात, म्हणजे एक थर. झकास बसला. आकाश घरात आल्यासारखं वाटलं. फक्त एक गोष्ट मनाला पटेना. वास कसा नाही? जन्मभर रंगाचा वास म्हणजे रंगाचा पुरावा. नुसता डोळ्यांवर विश्वास ठेवायचा म्हणजे पंचाईतच. मी भिंतीच्या जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, डोळे मिटून लांब श्वास ओढला. काही नाही. पाण्याचाही वास याच्यापेक्षा जास्त असतो. समाधान होऊन मी दारामागच्या भिंतीकडे वळलो.

तेवढ्यात सुगंधावहिनी आल्या. ह्या शेजारच्या काशीरामच्या घरच्या, कोकणातल्या. काशीराम गिरणीत होता, गिरणी गेली, खोली गेली, आणि दोघं आमच्या शेजारी आली. वहिनी नेहमीप्रमाणे कढीपत्ता मागायला आल्या होत्या. माझ्याकडे बघून जरा थबकल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलल्या नाहीत. मग त्यांची नजर डब्यावर गेली. लुंगी सुटली होती. गाय सरळ त्यांच्याकडे बघत होती.

“भावजी, गाय कशाक?”

मी सांगून टाकलं. शेजारणीशी खोटं बोलणं म्हणजे इमारतीच्या पाण्याच्या टाकीशी खोटं बोलणं, नळानळातून बाहेर येतं. उलट शपथ घातली, की सुंदराबाईला बोलू नका.

“शेण?” त्या म्हणाल्या. “आणि वास नाय?”

आणि मी ‘वहिनी, भिंत ओली आहे’ म्हणेपर्यंत त्यांनी जाऊन भिंतीला नाक लावलं. जवळ नेलं नाही, लावलंच!

वळल्या तर नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका. अगदी गोल, टिकली लावावी तसा. आता तुम्हीच सांगा, शेजारच्या बाईला तिच्या नाकाबद्दल कसं बोलायचं? रुमाल पुढे करावा तरी चूक, बोट दाखवावं तरी चूक. मी कढीपत्त्याची जुडी पुढे केली. त्या “खरंच वास नाय हो” असं म्हणत ते निळं नाक घेऊन गेल्या.

ऑइलपेंट असता तर हे घडलंच नसतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याचा वासच ओरडून सांगायचा, ओलं आहे, लांब राहा. हा रंग इतका सज्जन, की लोकांना सावधही करत नव्हता.

काशीराम आला तो बाह्या सरसावून.

“धोंडिराम, माझ्या बायलेच्या नाकार निळो रंग खंयसून इलो?”

आता काय बोलता! मी त्याला भिंतीपाशी नेलं आणि त्या ठिपक्याएवढी कोरी झालेली जागा दाखवली. तिथे वहिनींच्या नाकाचा शिक्काच होता. काशीरामने वाकून ती जागा पाहिली. मग त्याचा राग गेला आणि त्याला कुतूहल आलं, जे त्याच्या रागापेक्षा वाईट असतं.

“शेण आसा म्हणतस आणि वास नाय? मगे ता शेण कसला मरे?”

“काशीराम, लांबून. लांबून घे वास.”

तो लांबूनच घेणार होता. पण त्याचं नाक वहिनींच्या नाकापेक्षा बरंच पुढे पोचलेलं आहे. त्याला लांब वाटलं तेवढ्यात ते टेकलं होतं.

मी गप्प बसलो. दोन कारणं. एक, आता नवराबायको शोभून दिसत होते. दोन, तो माझ्याकडे बघून एकसारखा हसत होता, आणि मला वाटलं हा शेजारधर्म.

तो एवढ्यावर गेला असता तर मी आज ही गोष्ट लिहिली नसती. पण मी दुसऱ्या हातासाठी ब्रश बुडवला आणि काशीरामच्या आत कुठेतरी सावंतवाडीकडचं अंगण जागं झालं.

“ह्या काय करतस? शेण ब्रशान लावतत? ता हातान ओढूचा लागता.”

“अरे, हा रंग आहे.”

“शेण ता शेणच,” असं म्हणून त्याने अख्खा पंजा डब्यात घातला आणि दारासमोरच्या भिंतीवर सप्पकन ओढला. डावीकडून उजवीकडे, अर्धगोल. त्याच्यावर दुसरा. त्याच्यावर तिसरा. मी त्याचं मनगट धरेपर्यंत भिंतीच्या बरोबर मधोमध, दार उघडल्याबरोबर दिसेल असं, सारवणाचं नक्षीकाम उमटलं होतं. आई म्हणायची तसं, ‘हाताचे फराटे’. पाचही बोटं स्पष्ट!

“बघ. आता कसा शेणासारखा दिसता,” तो समाधानाने म्हणाला.

तेच तर नको होतं! मी ब्रश घेऊन धावलो. पण लवकर सुकणारा रंग, डब्यावर लिहिलं होतं, आणि माझ्या आयुष्यात जाहिरातीतली ही एकच गोष्ट खरी निघाली. जाड थराचे फराटे कातडीसारखे धरले होते. वरून ब्रश फिरवला तर ते आणखी उठून दिसायला लागले, चादरीखाली झोपलेल्या माणसाचे पाय दिसतात तसे. माझं डोकं चालेना. मी खिडकीत गेलो.

परत येतो तो दारात अंबादास. हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. माणूस चांगला, पण बोलतो नोटीस वाचल्यासारखं. सुगंधावहिनींनी शपथ पाळली होती. त्यांनी ही गोष्ट सुंदराबाईला सांगितली नव्हती. फक्त बाकी सगळ्यांना सांगितली होती. आमच्या मजल्यावर ती ‘धोंडिराम घर सारवतोय’ अशी होती. जिन्यावरून खाली जाताना ‘धोंडिरामने शेण आणलंय’ अशी झाली. आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत शेणाच्या मागून गायही आली होती.

“काका,” अंबादास म्हणाला, “इमारतीत गुरं ठेवता येत नाहीत. ठराव झालेला आहे.”

मी त्याला घरभर फिरवलं. आमचं घर फिरायला फार वेळ लागत नाही. गाय नव्हती. त्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, तिथेही नव्हती.

“पण शेण आहे ना? वासाची तक्रार आलेली आहे.”

“कुणाला आला वास?”

“आला नाही. येईल, अशी तक्रार आहे.”

आणि पाहणी करायची म्हणून तोही भिंतीकडे वाकला. या वेळी मी स्पष्ट शब्दांत म्हणालो, अंबादास, ओलं आहे. तो म्हणाला, ओलं असतं तर वास आला असता. आणि नाक टेकवलं. त्याचं नाक बसकं, म्हणून रंग शेंड्याबरोबर दोन्ही नाकपुड्यांनाही लागला. त्याच्या मागून पाहणीला आलेल्या तीनचार जणांनीही सेक्रेटरीचं पाहून तेच केलं. सगळे एकमेकांची नाकं बघत होते आणि कुणीच कुणाला सांगत नव्हतं. आमच्या इमारतीत अशी सभ्यता मी पाणीकपातीच्या मीटिंगमध्येही पाहिली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. लेक होती, संघमित्रा.

“बाबा, आई ऐकत नाहीये. म्हणते आजच जायचं. आम्ही निघालोय, छेडानगर आलं.”

छेडानगर! म्हणजे दारातच आलं की! मी पॅसेजमध्ये उभा राहून सगळ्यांना हात जोडले. म्हणालो, सुंदराबाई येतेय. शेण हा शब्द कुणी काढायचा नाही. तिला कळलं तर ती उंबऱ्यावरून परत जाईल आणि मग मला सांभाळायला तुमच्यापैकी कुणीतरी न्या. हा शेवटचा मुद्दा लोकांना फार लागला. सगळ्यांनी शपथ घेतली. काशीरामने तर निळा हातच वर केला.

मी घरात धावलो. फराट्यांवर काय टाकावं? कपाट हलेना. कॅलेंडर लावलं तर दोन्ही बाजूंनी बोटं डोकावत होती. शेवटी सुंदराबाईच्याच हातची गोधडी दोन खिळ्यांना टांगली, जणू भिंतीला थंडी वाजतेय. तसबिरी जागेवर लावल्या. डबा मोरीत, डब्यावर बादली, बादलीत लुंगी. मन थोडं स्थिर करायला एक मिनिट खिडकीत गेलो, आणि लिफ्टचा आवाज आला.

सुंदराबाई लिफ्टमधून उतरली. मागून पिशव्या घेऊन संघमित्रा. पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना शेजारी ओळीने उभे, तोंडं घट्ट मिटलेली, नाकं निळी. मिरवणुकीला सलामी द्यावी तसे. सुंदराबाई एकेकाकडे बघत पुढे आली आणि माझ्यासमोर थांबली.

“भीमजयंती होऊन गेली ना?” ती म्हणाली. “मग समद्यांच्या नाकाला नीळ कशाची?”

अंबादास छताकडे बघायला लागला.

“आन् तुमच्याबी?”

मी नाकाला हात लावला. सकाळपासून! सकाळपासून मी ते नाक घेऊन फिरत होतो, लोकांची नाकं बघून मनात हसत होतो, आणि लोक सभ्यपणे मला सांगत नव्हते. वहिनी का थबकल्या आणि काशीराम का हसत होता, ते आता कळलं.

“रंग लागला असेल,” मी म्हणालो. “ये, आत ये.”

ती उंबऱ्यावर उभी राहिली. डोळे मिटून हळूच श्वास घेतला. मग जरा मोठा घेतला. मी तिच्या छातीकडे कान लावून होतो. मांजरं गप्प होती. संघमित्राही बघत होती. सुंदराबाईने पाय आत टाकला आणि मला वाटलं, जिंकलो.

तिने चारी बाजूंनी भिंती पाहिल्या. तसबिरींपुढे हात जोडले. म्हणाली, निळा चांगलाय. मग गोधडीकडे बोट केलं.

“ही भिंतीवर का वाळत घातलीय?”

मी काही सांगायच्या आत तिने गोधडी खाली ओढली.

दारात शेजाऱ्यांची गर्दी, पण श्वास कुणाचा नाही. सुंदराबाईने चष्मा लावला. फराट्यांवरून तळवा फिरवला, एकदा, परत एकदा. मग वळून म्हणाली,

“कुणी सारवलं हे? घाण हात आहे. बाईमाणसाचा नाही.”

काशीराम निळा हात पाठीमागे घेऊन वहिनींच्या आड झाला.

“शेण आहे ह्यात,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलंच.

मी काय करणार? मान डोलावली. बारीक आवाजात म्हणालो, “तुझी शपथ मला ठाऊक होती. पण वास नसलेला हाच मिळाला. तू यावीस म्हणून आणला.”

ती फराट्यांकडे बघत उभी राहिली. मी मनातल्या मनात रिक्षा फिरताना पाहिली, छेडानगर उलटं जाताना पाहिलं, आणि सकाळचा दुसरा कप पाहिला.

“विकत आणला?” तिने विचारलं.

“हिरजीभाईंकडून. पावतीसकट.”

“कुणाच्या गोठ्यात जावं लागलं नाही ना?”

“नाही गं. दुकानात. खुर्ची दिली मला बसायला.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “मला शेणाचं दुःख नव्हतं. दुसऱ्याच्या गोठ्याचं होतं.”

दारात काशीरामने एवढा मोठा सुस्कारा सोडला की कॅलेंडर हललं. सुगंधावहिनींनी डोळे पुसले आणि निळा ठिपका गालावर आणला. मला तर नाचावंसं वाटत होतं. जे गुपित मी लुंगीत गुंडाळून, बादलीखाली दडपून, गोधडीमागे लपवून ठेवलं होतं, ते फुटलं आणि काहीच झालं नाही! मी संघमित्राला म्हणालो, चहा टाक, सगळ्यांना टाक.

“थांब गं,” सुंदराबाई म्हणाली.

तिचं नाक वर झालं होतं. रानात हरणाचं होतं तसं. ती एक पाऊल डावीकडे गेली, एक उजवीकडे.

“रंगाला वास नाही,” ती म्हणाली.

“अजिबात नाही!” मी म्हणालो. “वास नाही, विष नाही, श्वासाला त्रास नाही. डब्यावर लिहिलंय.”

“शेणाला वास नाही. चुन्याचा नाही, तेलाचा नाही. घरात दुसरा कसलाच वास नाही.”

“तेच तर!”

“मग एवढा स्वच्छ बिडीचा वास कुठनं येतोय?”

वाचकहो, त्या क्षणी मला ऑइलपेंटची फार आठवण आली. केवढा दिलदार रंग! स्वतः बदनाम व्हायचा पण दुसऱ्याला झाकायचा. आणि हे निसर्गाचं लेकरू! भिंती इतक्या निर्मळ करून बसलं होतं की त्यांच्यापुढे माझी एक बिडी पांढऱ्या धोतरावरच्या डागासारखी उठून दिसत होती.

सुंदराबाई सरळ मोरीजवळच्या खिडकीत गेली. वाटेत कुठे चुकली नाही. पडदा नाकाला लावला. मग परत येऊन माझ्या सदऱ्याची कॉलर नाकाला लावली. मग तिला खोकला आला. फार नाही, दोनदाच. पण ते ऐकून मी खाली बघितलं, आणि अजून तसाच बघतोय.

“संघमित्रा,” ती म्हणाली, “माझ्या पिशव्या आत घे. मी ऱ्हाते इथं. भिंती चांगल्यात, हवा चांगलीय. ह्यांची पिशवी भर.”

“माझी?”

“वास नको, असं डॉक्टर बोललेत. वास इथनं घालवायचा, तर वासवाल्याला आधी घालवायला पायजे.”

अंबादासने लिफ्ट थांबवून धरली. ठराव झाल्यासारखी.

तर हे मी मुलुंडहून लिहितोय. जावई सम्यक भला माणूस आहे, पण त्यांच्या खिडक्यांना जाळ्या आहेत आणि गॅलरीत त्याने तुळस, कोरफड असे कुंडीकुंडीत पहारेकरी उभे केलेत. मी कुंड्यांना पाणी घालतो आणि परत येतो. खरंच, नुसतंच पाणी घालतो. तो दोनदा आलेला खोकला कानातून गेलेला नाही. मानखुर्दच्या बातम्या काशीराम फोनवर देतो. फराटे सुंदराबाईने पुसू दिलेले नाहीत. उलट काशीरामला समोर उभं करून त्या फराट्यांच्याच शेजारी आपल्या हाताने नीट काढून दाखवले, असे ओढायचे म्हणून. आता बायका बघायला येतात म्हणे. हिरजीभाईंचा गायवाला डबा आमच्या इमारतीत चौघांनी नेला.

मागच्या रविवारी ती स्वतः आली. चहा घेतला, नातवाच्या वह्या पाहिल्या, आणि मग माझ्यासमोर उभी राहिली. मी समजलो. भिंतीसारखा ताठ झालो. तिने वाकून माझ्या कॉलरला नाक लावलं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. मी मान वळवून हळूच पाहिलं, तिच्या नाकाला काही लागलं तर नाही.

नाही लागलं.

संघमित्राने विचारलं, “आई, नेतेस का बाबांना?”

सुंदराबाईने चपला घातल्या, पिशवी उचलली, आणि रंगाऱ्याने भिंत जोखावी तसं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“पहिला हात बरा बसलाय,” ती म्हणाली. “अजून एक लागंल.”